काइन काय म्हणाला

“‘तू उभा आहेस ती जमीन माझी. निघ इथून!’ असं काइन आपल्या धाकट्या भावाला, हाबेलला, म्हणाला,” तान्हूमने सांगितलं, आणि नेहोरायच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

सभास्थानात सोमवारचं वाचन चाललं होतं. वाचक धर्मग्रंथाच्या गुंडाळीतून जुन्या हिब्रूतली ओळ वाचायचा आणि म्हातारा तान्हूम ती गावाच्या बोलीत उलगडून सांगायचा. पण हे वाक्य तर गेल्या आठवड्यात नेहोरायने स्वतःच्याच भावाला, दोस्तायला, ऐकवलं होतं. बाप गेल्यावर जमीन नेहोरायकडे आली, मेंढरं दोस्तायकडे. मेंढरं बांध ओलांडून जवात शिरली, तेव्हाची गोष्ट. तिथे तिसरं कुणी नव्हतं. म्हणजे दोस्तायनेच म्हाताऱ्याचे कान भरले. आणि आता समोर मान खाली घालून बसला होता. साळसूद!

लोक पांगल्यावर नेहोरायने तान्हूमला दारातच गाठलं.

“काका, हे ग्रंथात लिहिलंय?”

“नाही. ‘काइन हाबेलला म्हणाला’ एवढंच आहे. काय म्हणाला, ते नाही. पुढे एकदम दोघं शेतात, आणि तिथे काइन भावाला ठार मारतो. मधली जागा रिकामी.”

“मग ती कुणाच्या सांगण्यावरून भरलीत? दोस्तायच्या?”

म्हातारा त्याच्याकडे बघतच राहिला. “आमच्या गुरूंनी भरली, बाबा. भाऊ भांडले ते वाटणीवरूनच, असं ते म्हणायचे. मागच्या खेपेला हा भाग वाचला, तेव्हाही मी हेच सांगितलं होतं. तेव्हा तुझा बाप तुम्हा दोघांच्या मध्ये बसला होता.”

 नेहोराय भिंतीला टेकवलेली आपली कुदळ उचलून वाटेला लागला. म्हातारा कशाला खोटं बोलेल? पण मग दोस्ताय मान खाली घालून का बसला होता?

शेतापाशी पोचला, तर बांधापलीकडे दोस्ताय मेंढरं घेऊन उभा.

“दोस्ताय! जरा शेतात ये. बोलायचंय.”

“इथूनच बोल, दादा.”

“ओरडत काय बोलू? ये म्हणतो ना!”

दोस्ताय जागचा हलला नाही. त्याची नजर नेहोरायच्या हातावर खिळली होती. नेहोरायने खाली पाहिलं. कुदळ. त्याने ती झटकन टाकली आणि दोन्ही पंजे उघडून दाखवले.

“अरे वेड्या, मी... बघ, काही नाही हातात.”

“घरी बोलू,” दोस्ताय म्हणाला. “वहिनीसमोर.”

“बरं,” म्हणून नेहोराय पुढे निघाला. थोडं चालून त्याने मागे वळून पाहिलं. भाऊ येत होता, पण बरंच अंतर राखून. त्याने चाल मंद केली, तसा तोही थांबला.