मिस्सेच्या आदल्या दिवशी गोठलेला नळ

गावातली घरोघर फिरणारी मिस्सा, म्हणजे पाद्रीबाबांनी घरी येऊन करायची पवित्र उपासना, यंदा मॅलकींच्या घरी यायची होती, उद्या सकाळी. ती झाली की साऱ्या आळीला चहा-न्याहारी. आणि आज दुपारीच स्वयंपाकघरातला नळ मुका झाला. मेयो परगण्याच्या या किनाऱ्याला पावसाची सवय; असं गोठणं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. पाइपवर कुणी चिंधीसुद्धा गुंडाळली नव्हती.

सून डर्व्हला गोठ्यातून आली, तर सासरे मॅलकी सिंकखाली गुडघ्यांवर बसलेले. पाइपभोवती त्यांनी आपल्या अंथरुणातलं विजेचं ब्लँकेट गुंडाळलं होतं, वरून सुतळी बांधलेली.

"बाबा, हे काय?"

"पाइपला ताप आणतोय. मिस्सेचा चहा काय शेजाऱ्यांच्या बादल्यांवर करायचा? तुझी सासू थडग्यातून उठून मला झोडपेल."

तिला हसू आलं, आणि लगेच विरलं. पाइपवरचं हिम वितळून प्लगला लावलेलं ब्लँकेट ओलंचिंब झालं होतं. मॅलकी सुतळी आवळायला हात पुढे करत होते.

"बाबा, हात मागे घ्या," ती हळूच म्हणाली. आवाज चढवला की ते हट्टाला पेटत. "मी येईपर्यंत बोटसुद्धा लावू नका. माझ्यासाठी."

त्यांनी हात मागे घेतला. तिने बोळात जाऊन मेन स्विच बंद केला. फ्रिजची घरघर थांबली.

"झालं. आता उद्या कोरडी मिस्सा," ते पुटपुटले.

"पाणी येईल हो. पण तुम्हीच राहिला नाहीत, तर चहा कुणाला देऊ?"

प्लग काढून ब्लँकेट त्यांनीच सोडवलं.

डर्व्हलाने नळ उघडा ठेवला. किटलीतलं उरलंसुरलं पाणी चुलीवर तापवून त्यात फडकी बुडवली, पिळली आणि नळाकडून मागे मागे पाइप शेकायला घेतला. जपमाळेचे दहा मणी झाले की फडकं बदलायचं, असं ठरलं. मॅलकी 'नमो मरिया' भराभर उरकू लागले.

"बाबा, मातेला श्वास तरी घेऊ द्या."

"तिला सवय आहे. साठ वर्षं ऐकतेय."

उन्हं कलली. दुसरी माळ अर्ध्यावर आली, तेव्हा पाइपात काहीतरी खाकरलं. नळ गढूळ थुंकला, थांबला, मग बारीक धार लागली. मॅलकी माळ विसरून धारेखाली हात धरून बसले.

"जप अर्धा राहिला, बाबा."

"तू पुरा कर. मी किटली भरतो."