नऊ मिनिटांचा फेरा

कागद कारखान्यातली लगद्याच्या टाकीची पातळी महिनाभर एका जागी राहत नव्हती. साठ टक्क्यांवर चढायची, चाळीसवर उतरायची, पुन्हा वर. दर नऊ मिनिटांनी एक फेरा. कागद कधी जाड निघे, कधी पातळ.

साहेबांनी हे काम नव्या इंजिनियर मुलीच्या गळ्यात घातलं. ती तिथल्या जुन्या फिटरची सख्खी भाची. त्याला सगळा कारखानाच मामा म्हणे, त्यामुळे तिनं म्हटलं तर कुणाच्या भुवया उंचावत नसत.

तिनं पातळी राखणाऱ्या कंट्रोलरचे आकडे बदलले. फेरा लांबला, मोडला नाही. मग टाकी मुद्दाम सत्तरपर्यंत भरू दिली. तासाभरात ती आपली पुन्हा चाळीस-साठवर. हातानं पन्नासवर आणून सोडली, तर थोडी थोडी डोलत, वाढत, पुन्हा त्याच फेऱ्यात. बाहेरचा धक्का असता तर ओसरला असता. हे आतूनच कुणीतरी पोसत होतं.

शेवटी ती टाकीत लगदा सोडणाऱ्या व्हॉल्व्हजवळ जाऊन उभी राहिली. कंट्रोलरचा हुकूम मिळत होता, पण व्हॉल्व्हचा दांडा ढिम्म. जोर साठला की एकदम उडी मारायचा, गरजेपेक्षा जास्त. मग उलट्या बाजूनं तेच. दांड्याभोवतीचं, गळती अडवणारं पॅकिंग कचकचून आवळलेलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत तिनं मामाला गाठलं. कामावर ती त्याला अहोजाहो करी, आज विसरली.

"मामा, टाकीचा व्हॉल्व्ह तू आवळलास ना?"

तो डब्याचं झाकण पुसत राहिला. "गळत होता गं. दोन आटे जास्तच दिले."

अहवालात पॅकिंग जुनं झालं होतं एवढंच लिहिते, ती म्हणाली. खोटं नाही ते.

"नको. उद्या दुसरा कुणी असाच आवळेल, त्याला कसं कळायचं?"

दुपारच्या बैठकीत त्यानं स्वतःच सांगितलं. साहेब नवं पॅकिंग मागवा म्हणाले. ती मान खाली घालून बसली होती. तिलाच लाज वाटत होती, कशाची ते कळेना.

दोन दिवसांनी पॅकिंग बदललं. पडद्यावरची पातळीची रेघ डुलत डुलत पन्नासवर येऊन आडवी झाली. मामा बराच वेळ बघत उभा राहिला. मग त्यानं खिशातून चुरगळलेला कागद काढून तिच्यापुढे ठेवला. त्यावर आणखी तीन व्हॉल्व्हचे नंबर होते.

"हेही मीच आवळलेत," तो म्हणाला. "चल."