दोऱ्यातलं डच नाणं

बिनशेपटीचा सिंह.

भोसरीच्या वर्कशॉपात एका शिफ्टला नऊ हजार वॉशर. शेवटचा हुबेहूब पहिल्यासारखा.

यशोदाबाईंचा उजवा अंगठा.

भंगारवाला शनिवारी संध्याकाळी येतो.

हे सगळं एकाच दोऱ्यात ओवायचं, तर तो दोरा काळा, यशोदाबाईंच्या गळ्यातला. त्यात त्यांच्या राजापूरच्या आजीपासून आलेलं चांदीचं नाणं होतं. डचांचं, तीन-साडेतीनशे वर्षांमागचं, हातोड्याच्या घावानं पाडलेलं. सिंह एका अंगाला सरकलेला, त्याची शेपटी पार काठाशी, आणि काठ वेडावाकडा. काळजी लागली की बाईंचा अंगठा त्या काठावरून फिरायचा.

एका शनिवारी नाण्याची रिंग तुटली. "तेवढी बसवून आणा हो," म्हणत त्यांनी ते नवऱ्याच्या हातावर ठेवलं.

रंगराव डायफिटर, कारखान्यातले साचे बसवणारे. तीस वर्षं वाकडं सरळ करण्यात गेलेली. ठसा मधोमध नाही, काठ गोल नाही, हे त्यांना बघवेना. त्यांनी नाणं लेथवर चढवलं, गोल केलं, बफवर लखलखीत केलं, मग रिंग घातली.

"राव, आता कुठली कंपनी रिजेक्ट करतीय बघू!" शेजारच्या मशीनवरून रोहिदास ओरडला. रंगराव शीळ घालत घरी आले.

यशोदाबाईंनी अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"काठ कुठाय?"

"अगं, वाकडा होता. साफ केला."

"मी रिंग सांगितली होती."

आवाज चढला नाही.  सोमवारी शिफ्टच्या आधीच रंगराव लोहचुंबक घेऊन लेथपाशी गेले. लोखंड उचललं की चांदीचा कीस खाली राहील, असा हिशेब. लेथखालचा ट्रे शनिवारी संध्याकाळीच झाडून स्वच्छ झाला होता.

दिवाळीत पुतण्या सलिल आला. त्याला जुन्या नाण्यांचा नाद.

"काकू, असली दोन नाणी कधी सारखी नसतात. हे कुणी घासलं?"

रंगरावांनी मान खाली घातली.

"वापरून झिजलं असेल," यशोदाबाई म्हणाल्या. "करंजी घे अजून."

तो गेल्यावर रंगराव पुटपुटले, "सांगायचंस ना, मी केलं म्हणून."

"विचारायचंत ना, करू का म्हणून."

नाणं आता कपाटात असतं. बाईंचा अंगठा अजून गळ्याशी जातो, आणि रंगराव समोर असले की पदर नीट करून परततो.

लग्नात मंगळसूत्र बांधताना तिच्या गळ्यातल्या त्या नाण्याच्या काठानं रंगरावांचं बोट खरचटलं होतं.