आईचे रिकामे चौकोन

आईचा आवाज बुधवारी बसला. डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून पाहिलं आणि सांगितलं, आठ दिवस एक शब्द काढायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. आणि शुक्रवारी चार वाजता आईला मोठ्या बाईंसमोर दुसरीच्या 'ब' वर्गाचं महिन्याचं गणिताचं नियोजन मांडायचं होतं!

मोठ्या बाई म्हणजे आईच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. मागच्या चाचणीत 'ब' वर्ग वजाबाकीत सपशेल आपटला, तेव्हा त्या आईला स्पष्टच म्हणाल्या होत्या, "नियोजन पटलं तर वर्ग तुमचा. नाही पटलं तर दुसऱ्या बाई घेतील, तुम्ही ग्रंथालय सांभाळा." आईला पुस्तकं फार आवडतात. पण पुस्तकं "बाई, माझं बरोबर आलं!" म्हणून पदर ओढत नाहीत. त्या दिवसापासून आई भाजीत दोनदा मीठ घालत होती.

"त्यात काय! तुझ्याऐवजी मी बोलते," मी म्हटलं.

मी नववीत आहे. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत मी वर्गात "हजर"सुद्धा शेजारणीच्या कानात सांगायचे. मग शाळेच्या कार्यक्रमात सूत्रसंचालन करणारी मुलगी ऐनवेळी आजारी पडली, मला माइकसमोर ढकललं गेलं, आणि स्वतःचाच आवाज ऐकून मी त्याच्या प्रेमात पडले. तेव्हापासून बाबा मला भोंगा म्हणतात. बाबा फ्रिज दुरुस्त करतात. बंद पडलेल्या वस्तूला आवाज कसा फुटतो याचं त्यांना कौतुक आहे.

आईने पाटी ओढली आणि लिहिलं, 'तुझी शाळा?'

"दुपारी सुटते. रिक्षाने पोचते. आई, प्लीज!"

गुरुवारी संध्याकाळी आम्ही जमिनीवर भलामोठा कार्डशीट अंथरला. वीस दिवस, वीस चौकोन. आई वहीतून दाखवायची, मी सुवाच्य अक्षरात उतरवायचे. पहिल्या आठवड्यात पाटी-पेन्सिलच नाही, नुसते काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधायचे आणि सोडायचे. मग हातच्याची बेरीज. अकराव्या ते तेराव्या दिवशी वजाबाकी. शेवटी गोष्टीतली गणितं. मला तर वाटत होतं, आपण एखादी मोहीमच आखतोय!

"आधी करून बघू," मी म्हटलं. "बाबा, या. तुम्ही दुसरीतले."

"मधली सुट्टी कधी आहे?" बाबा मांडी घालून बसले.

"आत्ता कुठे वर्गात आलात! बावन्नातून सत्तावीस वजा करा."

बाबांनी पुठ्ठ्याच्या एका तुकड्यावर लिहिलं, पस्तीस.

"पस्तीस? कसे काय?"

"पाचातून दोन गेले, तीन. आता दोनातून काही सात जात नाहीत, म्हणून मी सातातून दोन काढले. एक जण अडून बसला की दुसऱ्याने समजून घ्यायचं असतं."

आईला मोठ्याने हसता येईना, तिचे नुसते खांदे हलत होते. तिने पाटीवर लिहिलं, 'माझी एकोणीस मुलं हेच करतात.' मग तिने बाबांपुढे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवल्या आणि सात बोटं दाखवून हात पसरला.

"सुट्या दोनच आहेत हो," बाबा म्हणाले. त्यांनी एका गठ्ठ्याकडे पाहिलं, मग आईकडे. "सोडू?"

आईने मान हलवली. रबरबँड टणकन उडाला. "बारा झाल्या की!" बाबा खरंच आनंदले. सात काड्या दिल्या, दोन गठ्ठे दिले, उरले पंचवीस. मी टाळ्या पिटल्या आणि लगेच पुठ्ठ्यावर दुसरं गणित मांडलं, त्रेचाळीस वजा अठरा.

बाबांनी पुन्हा लिहिलं, पस्तीस.

"बाबा! आत्ता तर कळलं होतं!"

"काड्यांत कळलं होतं. पुठ्ठ्यावर काड्या कुठे आहेत?"

मला वाटलं, चिडवतायत. आई मात्र अजिबात हसली नाही. तिने वहीत भराभरा काहीतरी लिहिलं आणि तक्त्यावर बोट ठेवून मला पाच चौकोन दाखवले. चार, नऊ, चौदा, पंधरा, एकोणीस. हे रिकामे ठेव.

मी ठेवले. पण शुक्रवारी दुपारी घरी येऊन तक्ता पाहिला तर ते पाच चौकोन मला पडलेल्या दातांसारखे दिसायला लागले. मोठ्या बाईंपुढे अर्धवट तक्ता घेऊन जायचं? आई आजारी आहे, दमली असेल, सुचलं नसेल. ती आत डोक्यावर टॉवेल घेऊन वाफ घेत होती. मी रंगीत कागद कापले, झोकदार अक्षरं काढली आणि डिंकाने चिकटवून टाकली. चारला दिनदर्शिका, नऊला आकार, चौदाला घड्याळ, पंधराला वजन, एकोणीसला नक्षी पूर्ण करा. तक्ता असा काही खुलला! मी तो गुंडाळला आणि रिक्षात आईशेजारी सारा वेळ मनातल्या मनात भाषण घोटत बसले.

मोठ्या बाईंच्या खोलीत तीन खुर्च्या, एक कपाट आणि बाईंचा चष्मा, एवढंच मला दिसलं. मी तक्ता टेबलावर उलगडला. आईची नजर रंगीत चौकोनांवर गेली. मग माझ्यावर आली. ती नजर मला आवाजाशिवायही पूर्ण ऐकू आली. पण माझी गाडी सुटली होती.

मी बोलले. हातवारे करून बोलले. गठ्ठे, सुट्या, हातचा, बावन्नातून सत्तावीस काढताना सात अडतात ते सगळं. बाईंनी मधे एकदा "पाणी पी" म्हणून ग्लास पुढे केला, तो रिकामा करून मी पुन्हा सुरू झाले. विसाव्या दिवशी पोचले तेव्हा मला वाटलं, आता टाळ्या.

बाईंनी पेनाचं टोक चौदाव्या चौकोनावर ठेवलं. "तेराव्या दिवशी वजाबाकी, चौदाव्याला घड्याळ. बरोबर?"

"हो बाई."

"आणि तेराव्या दिवशी अर्ध्या वर्गाला वजाबाकी कळलीच नाही, तर चौदाव्याला काय करणार?"

मी चिकटवलेल्या घड्याळाकडे पाहिलं.

पुठ्ठ्यावरचे दुसरे पस्तीस डोळ्यांपुढे उभे राहिले. बाबांना आणखी एक दिवस हवा होता. माझ्या सुंदर तक्त्यात बाबांना बसायला जागाच नव्हती! आई पाटीवर काही लिहायला लागली होती, तिचा हात थांबला. ती मला सावरून घेईल, हे मला दिसत होतं. चूक स्वतःवर घेईल आणि ग्रंथालयात जाईल.

"बाई," मी म्हटलं, "हे घड्याळ आईचं नाही. मी चिकटवलंय. हे पाचही. आईने ते चौकोन रिकामे ठेवले होते आणि मला वाटलं, तिला सुचलं नाही."

आणि मी नखाने घड्याळ खरवडायला लागले, मग एकेक करून बाकीचे चार. डिंक पक्का बसला होता. कागदाबरोबर तक्त्याचा पापुद्राही निघाला.

"अगं, अगं, फाटेल!" बाई म्हणाल्या.

"फाटू दे. आईचा तक्ता खाली आहे."

"पण रिकाम्या दिवसावर मी सही कशी करू? उद्या 'अ' वर्ग म्हणेल, आम्हालाही रिकामे द्या."

"द्या ना! ते रिकामे नाहीत, बाई. ते अडलेल्यांचे दिवस आहेत. कोण अडलं, ते आज कुणालाच माहीत नाही, मग आज काय लिहिणार?"

आईने पाटी फिरवली. 'नावं आदल्या दिवशी दुपारी लिहीन. रोज तुम्हाला दाखवीन.'

बाईंनी पेनाने ते चौकोन मोजले. "पाच फार होतात. दोन."

आईने पाच बोटं वर केली.

"अहो, घड्याळ अभ्यासक्रमात आहे! ते काय मी शिकवू? तीन."

आईने अंगठा दुमडला. चार. एकोणिसाव्या चौकोनावर बोट ठेवून तिने हवेत गोल काढला.

"एकोणीसला घड्याळ, बाकी चार रिकामे," मी भाषांतर केलं.

"कळलं मला." बाईंच्या ओठांचा कोपरा हलला. "आणि सोमवारी आवाजाशिवाय वर्ग कसा आवरणार?"

'पहिला आठवडा नुसत्या काड्या. मुलंच बोलतील.'

बाईंनी सही केली! खाली लिहिलं, महिनाअखेरची चाचणी मी स्वतः घेईन. "बावन्न वजा सत्तावीसच विचारणार आहे," त्या आईला म्हणाल्या. "वर्ग तोवर तुमचा. पुढचं तेव्हा."

बाहेर येताच आईने व्हरांड्यात पाटी माझ्या नाकासमोर धरली. 'मला विचारायचंस.'

"विचारलं असतं तर नको म्हणाली असतीस."

तिने पुसलं. लिहिलं, 'हो.' मग माझ्या डोक्यात एक टपली मारली आणि तोच हात डोक्यावर ठेवून मला 'ब' वर्गाकडे ढकलत नेलं.

वर्ग रिकामा होता. आईने फळ्याशेजारी तक्ता धरला आणि मला खुणेने पहिल्या बाकावर बसवलं. बाक एवढासा की माझे गुडघे हनुवटीला टेकले. खरवडलेले चौकोन पांढरे, केसाळ दिसत होते. आईने भुवया उंचावल्या. सात वर्षांच्या मुलाला दिसेल का?

मी मान खाली घातली, खांदे पाडले, जमेल तेवढी सात वर्षांची झाले.

"वरची ओळ दिसत नाही!" मी ओरडले. "खाली घे. अजून खाली. आई, अजून!"