सारजाबाईनं अडवलेली वाट

शिवशंकर एस्टीचा मुरलेला ड्रायव्हर. घाट असो, धुकं असो, गडी कधी घाबरला नाही. पण त्या मंगळवारी धाराशिवहून भरलेली गाडी घेऊन तो येरमाळ्याकडं येत होता आणि पुढं एक कंटेनर चालला होता. कंटेनरच्याही पुढं, पार पांढऱ्या पट्टीच्या कडेला, एक सायकल. कंटेनरवाल्यानं हॉर्नसुद्धा न देता गाडी अशी खेटून काढली की सायकल पोरीसकट नालीत गेली. शिवशंकरनं करकचून ब्रेक मारला. नालीतून उठून गुडघा झाडणारी पोरगी त्याचीच होती, प्रतीक्षा.

"काय न्हाय झालं पप्पा," ती खालूनच ओरडली, "नुसतं खरचटलंय!"

काय न्हाय झालं म्हणे! चाळीस माणसांदेखत ड्रायव्हर गिअरचा दांडा सोडून हवेतच हात फिरवत होता. कंडक्टरनं पाण्याची बाटली हातात दिली, तेव्हा कुठं त्याला गिअर सापडला.

संध्याकाळी घरी आल्याआल्या त्यानं सायकलीला साखळी घातली, कुलूप ठोकलं आणि किल्ली खिशात टाकली. "बास झालं कॉलेज. काय परीक्षा द्यायची ती बाहेरून दे. हायवेवर माझी पोरगी जाणार न्हाय म्हंजे न्हाय."

"सायन्सला बाहेरून कोण बसतं पप्पा?" प्रतीक्षा एवढंच बोलली आणि न जेवता उठली. अकरावीला लागून तिला जेमतेम महिना झाला होता. त्यांची वस्ती डोंगरात, गाडी तिथवर चढत नव्हती, आणि ह्याची ड्यूटी पहाटे पाचला. पोरीला सोडायला जाणार कोण? बायको भाकरी वाढत होती, पण नवऱ्याकडं बघत नव्हती. दोन दिवस घरात भांड्यांचाच काय तो आवाज.

तिसऱ्या दिवशी त्याचे वडील, धुळाप्पा, मेंढरं कोंडून ओट्यावर येऊन बसले. पटका काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "शिवा, येरमाळ्याला जायला हायवेच लागतो, हे तुला कुणी सांगितलं रं? माझी मेंढरं काय हायवेनं जायची व्हय?"

म्हातारा बरोबर बोलत होता. वस्तीच्या मागून एक मेंढरवाट निघायची. डोंगराच्या माथ्यावरनं जायची, पाझर तलावाला वळसा घालायची आणि कॉलेजच्या मागच्या अंगाला उतरायची. सात किलोमीटर, सगळा मुरूम. पाऊस कितीही पडो, चिखलाचं नाव नाही. आणि वाट इतकी चिंचोळी की टिपर सोडाच, ट्रॅक्टरही आत शिरत नव्हता.

"ती बंद हाय की आबा," शिवशंकर खाली बघून म्हणाला.

"व्हय. सारजाबाईनं काटे टाकल्यात." आबांनी लेकाकडं एकवार बघितलं आणि पटका पुन्हा डोक्याला गुंडाळायला घेतला. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर शिवशंकरला परवडलं असतं.

आता हे काट्यांचं प्रकरण सांगायलाच पाहिजे. आमच्याकडं उन्हाळ्यात रान मोकळं झालं की शेतकरी धनगराला बोलावतात आणि शेतात मेंढरं बसवतात. चार रात्री कळप बसला की लेंड्यांचं असं खत पडतं की पुढल्या पिकाला बघायचं काम नाही. सारजाबाईच्या रानात तीस वर्षं धुळाप्पाचीच मेंढरं बसत होती. मागल्या साली नेमके धुळाप्पा तापानं फणफणले, आणि सारजाबाई चार दिवस लेकीकडं गेलेली. म्हणून आबांनी सुट्टीवरच्या शिवशंकरला धाडलं. आणि ह्या शहाण्यानं काय करावं? कुणाला विचारलं नाही, सवरलं नाही. बांध ओलांडून मेंढरं बसवली ती थेट शेजारच्या रानात, म्हणजे सारजाबाईचा दीर बलभीम, त्याच्या शेतात! दीर-भावजयीचं दहा वर्षांपासून हाडवैर. बलभीमला आयतं खत मिळालं, तो कशाला तोंड उघडतोय? त्या साली त्याचं सोयाबीन कमरेला लागलं आणि सारजाबाईचं गुडघ्यापाशीच अडलं. गावभर हसू झालं. आबांनी तिच्यापुढं हात जोडले, "चूक माझीच झाली" म्हणाले. लेकाचं नाव घेतलं नाही. सारजाबाईला वाटलं, म्हातारा दिराला फितूर झाला. तिनं आपल्या रानातून जाणाऱ्या ह्या वाटेवर बाभळीचे काटे रचले आणि सांगून टाकलं, धुळाप्पाच्या घरच्या माणसाला इथून पाऊल टाकू देणार नाही. आणि शिवशंकर? तो सकाळच्या गाडीवर निघून गेला. आजवर गप्पच होता.

रविवारी त्यानं सायकलीचं कुलूप काढलं. स्वतःला शेजारच्याची सायकल आणली. "चल, बघू तरी वाट कशी हाय ती," तो प्रतीक्षाला म्हणाला. एवढी मोठी एस्टी वळवणारा माणूस, पण पहिल्याच चढाला जीभ बाहेर आली. पोरगी पुढं जाऊन थांबायची, "ढकलू का पप्पा?" म्हणायची. त्यानं नुसता हात हलवला. माथ्यावर आल्यावर मात्र तो सायकल धरून उभाच राहिला. लांब खाली हायवेवर गाड्या पळत होत्या, इथवर आवाजसुद्धा येत नव्हता. चाकाखाली मुरूम करकरत होता, तेवढंच. मंगळवारपासून पहिल्यांदा त्याच्या छातीवरचं ओझं जरा हललं.

तलाव मागं पडला आणि काटे आले. छातीएवढे रचलेले. पलीकडं सारजाबाई सोयाबीन खुरपत होती.

"कोण हाय ते? धुळाप्पाचं पोरगं का? माघारी फिर. तुमच्या घराला ही वाट न्हाय."

"आज्जी, मला कॉलेजला जायचंय," प्रतीक्षा म्हणाली.

"तुझ्यावर राग न्हाय गं बाळे. राग तुझ्या आज्यावर. तीस वर्सं इस्वास ठिवला मी त्याच्यावर, आन् त्यानं माझ्या दिराचं रान भरलं."

आता इथं शिवशंकरला सायकल वळवता आली असती. पण पोरीच्या गुडघ्यावर पट्टी होती. त्यानं घसा खाकरला.

"काकू, आबांनी न्हाय बसवली मेंढरं. म्या बसवली. मला रानच वळखू आलं न्हाय."

सारजाबाईच्या हातातलं खुरपं थांबलं. "तू?"

"आबा तापानं पडले हुते."

"मग धुळाप्पानं कबूल कशाला केलं?"

"मला लोक हसत्याल म्हणून."

"आन् तू करू दिलंस? बाप शिव्या खातोय, आन् लेक गप?"

"व्हय," शिवशंकर म्हणाला. प्रतीक्षा बापाकडं टक लावून बघत होती. त्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं, पण त्यानं मान वळवली नाही.

"आरं, धाराशिवहून पुण्याला गाडी नेतोस, आन् तुला शेजारचं रान कळंना?"

"शेताला बोर्ड नसतो काकू."

सारजाबाईला हसू फुटलं. बांधावर बसून, पोट धरून हसली म्हातारी. मग हसता हसताच पदर डोळ्याला लावला. "आरं भाड्या, वर्ष झालं, धुळाप्पा समोरून आला की मी तोंड फिरवून जातीया. एवढा सोन्यासारखा माणूस! आन् त्यो एका शब्दानं बोलला न्हाय."

थोड्या वेळानं ती उठली. "काटे तूच काढ. हातानं. आन् फुडल्या उन्हाळ्यात मेंढरं माझ्या रानात बसतील तवा चारी रात्री राखणीला तू यायचं, धुळाप्पाला धाडायचं न्हाय. तवा तरी वळखशील माझं रान."

"येतो काकू."

तासभर काटे उपसून त्याचे हात रक्ताळले. सारजाबाईनं प्रतीक्षाला शेंगा दिल्या, ह्याला पाणीही विचारलं नाही. संध्याकाळी घरी जाऊन तो आबांच्या पाया पडला. आबा म्हणाले, "आरं, हाताला हळद लाव आधी."

सोमवारी प्रतीक्षा एकटी निघाली. ठरलं होतं, पोचली की स्टँडवर येऊन तोंड दाखवायचं. शिवशंकर त्याच हायवेनं गाडी घेऊन आला. पांढरी पट्टी मोकळी दिसली, तरी त्याची नजर सारखी नालीकडंच जात होती. येरमाळ्याच्या स्टँडवर त्यानं गाडी लावली आणि खिडकीतून मान बाहेर काढली. पोरगी सायकल धरून उभी होती. केसांवर मुरमाची धूळ, बाकी ठणठणीत.

"किती गाड्या भेटल्या गं वाटंत?"

"एक बी न्हाय. एक ससा आडवा आला पप्पा, त्यो बी मलाच भिऊन पळाला."

शिवशंकर हसायला लागला आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. किती दिवसांनी त्याचा जीव भांड्यात पडला होता!

"ड्रायव्हरसाहेब, काढा की गाडी," मागून कुणीतरी ओरडलं, "उशीर व्हायलाय!"

"काढतो की," तो म्हणाला, पण पोरगी स्टँडसमोरच्या कॉलेजच्या फाटकातून आत जाईपर्यंत त्यानं गिअर टाकला नाही. गाडी पाच मिनिटं उशिरा सुटली, आणि त्याला त्याचं काडीइतकंही वाईट वाटलं नाही.