हजर असलेल्यांत ज्येष्ठ

सरकारी कचेरीतली खुर्ची लायक माणसाला मिळते असं ज्याला वाटतं, त्याने कचेरी फक्त खिडकीबाहेर उभं राहून पाहिलेली असते. साहेब निवृत्त झाले, की नवा हुकूम येईपर्यंत त्यांचा चार्ज त्या घटकेला हजर असलेल्यांतल्या ज्येष्ठ माणसाकडे जातो. हजर असलेल्यांतल्या, हे महत्त्वाचं. घरी तापाने फणफणलेला ज्येष्ठ तिथे कुणी मोजत नाही.

पाणीपुरवठ्याच्या त्या कचेरीत साहेबांखालोखाल ज्येष्ठ होती ती. सगळे तिला छोट्या मॅडम म्हणत, कारण तिशी अजून लांब होती. भरतीच्या यादीत तिचं नाव शेजारच्या टेबलावरच्या गुळ्याच्या वर होतं, एवढीच तिची ज्येष्ठता. गुळ्या हे अर्थात त्याचं खरं नाव नव्हे. त्याच्या तोंडात कायम साखर घोळायची, म्हणून कचेरीने त्याचं केलेलं ते बारसं.

तिला चार्ज हवा होता तो मिरवायला नव्हे. चार्ज असलेल्या माणसाची वर्षभर बदली होत नाही, आणि बदल्या तोंडावर आल्या होत्या. नवऱ्याचं लेथचं दुकान इथे, ते काही पाठीवर घेऊन फिरता येत नाही. लग्नानंतरची पहिली वर्षं दोघांनी दोन गावांत काढली होती. मुलीला बाप म्हणजे फोनमधला माणूस वाटायचा. आता कुठे ती त्याच्या पोटावर पाय टाकून झोपायला लागली होती.

आणि नेमकं साहेबांच्या शेवटच्या आठवड्यात तरुण कर्मचाऱ्यांसाठी नेतृत्व विकासाचं प्रशिक्षण निघालं. कचेरीतून एकाला पाठवायचं होतं. साहेबांनी तिचं नाव घेतलं तेव्हा तिने आधी तारखा पाहिल्या; प्रशिक्षणाचा शेवटचा दिवस तोच साहेबांचाही शेवटचा होता. गुळ्याने मात्र तिला बाजूला घेतलं.

"ताई, बिनधास्त जा. शेवटच्या दिवशी तुम्ही दुपारी सुटता, साहेबांचा निरोप संध्याकाळी आहे. खुर्ची काय पळून जाते का? उलट सर्टिफिकेट घेऊन आलात, तर तुम्हाला चार्ज दिला म्हणून कुणाला नाक मुरडता येणार नाही."

तिला ते पटलं. न पटायला काय झालं? बिनतोड बोलणं होतं ते.

प्रशिक्षण शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका भाड्याच्या हॉलमध्ये होतं. गालाला माइक चिकटवलेले एक सर मोठ्या माणसांना डोळ्यांवर पट्ट्या बांधून खुर्च्यांमधून फिरवत होते. कागदाचे मनोरे रचायला लावत होते. बाकीचे मनोऱ्यावरून भांडत बसले तेव्हा तिने प्रत्येकाला एकेक काम वाटून दिलं आणि मनोरा उभा केला. झालं, सरांनी तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. "हे बघा, याला नेतृत्व म्हणतात," असं ते ऊठसूट म्हणायला लागले. आणि खरं सांगायचं तर तिला ते फार आवडलं. कचेरीत आजवर तिच्या फक्त अक्षराचं कौतुक झालं होतं.

शेवटच्या दिवशी समारोपाला खात्याचे संचालक यायचे होते. दुपार कलली तरी त्यांचा पत्ता नव्हता. तिने पर्स उचलली, तर सर आडवे आले.

"तुम्हीच उठलात तर टीमने कुणाकडे बघायचं? उत्कृष्ट नेतृत्वाचा मान तुम्हाला आहे. संचालक स्वतः देणार आहेत."

तिने गुळ्याला फोन लावला. "आरामात या ताई," तो म्हणाला, "इथे अजून खुर्च्यासुद्धा मांडल्या नाहीत."

ती पुन्हा बसली. इथेच ती चुकली. गुळ्याने फसवलं हे खरं, पण पहिल्या रांगेत बसून वाट बघायला कुणी तिचे हातपाय बांधले नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा स्टेजवर आपलं नाव पुकारणार होते, त्याचा मोह तिला सुटला नाही.

संचालक आले ते माफी मागतच. "एका निरोप समारंभात अडकलो. संध्याकाळी मला जमणार नव्हतं, म्हणून त्यांनी कार्यक्रम अलीकडे घेतला." मग तिच्या हातात मानचिन्ह देता देता त्यांनी कचेरी विचारली, आणि तिने सांगितल्यावर त्यांचा चेहरा खुलला.

"अहो, तिथूनच तर येतोय. चार्ज देऊनच निघालो. काय गोड मुलगा आहे."

"सर, मी त्याला ज्येष्ठ आहे," ती हळूच म्हणाली.

"असाल ना. मी विचारलं तुमच्या साहेबांना. म्हणाले, एक मुलगी आहे, पण ती शिकायला गेलीय, तिला कशाला धावपळ." ते वाईट मनाने बोलत नव्हते, हेच जास्त लागलं. तिच्या खांद्यावर थोपटून ते माइककडे वळले. "आपल्या लांबच्या कचेऱ्यांना अशाच माणसांची गरज आहे. डोंगरापलीकडच्या विभागात जायला वर्षभर कुणी तयार नाही. तिथे आता आपण नेतृत्व पाठवणार आहोत."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सरांनी दोन शब्द बोलायला म्हणून माइक तिच्या हातात दिला. गुळ्याचं नाव घ्यावं, साहेबांचं घ्यावं, ते मानचिन्ह टेबलावर आपटावं, असं सगळं एकदम मनात आलं. तिने सगळ्यांचे आभार मानले. संचालकांचे दोनदा मानले.

जिन्यात नवऱ्याचा फोन आला. तो दुकान लवकर बंद करून घरी आला होता. "झालं का काम?"

"माझा पहिला नंबर आला," ती म्हणाली.

"आईचा पहिला नंबर आला गं," तो पलीकडे मुलीला ओरडून सांगत होता, "आता आई कुठ्ठे जाणार नाही." आणि फोनमध्ये मुलगी टाळ्या वाजवायला लागली.