आता आणि सदासर्वकाळ

नाक मुरडू नका, मी पिकदाणी बोलतेय. पितळेची आहे, ओतीव. माझी जागा खाटेखाली आणि माझं काम तुमच्या तोंडातून निघेल ते झेलायचं. पोटात जातं त्यानं माणूस विटाळत नाही, तोंडातून निघतं त्यानं विटाळतो, असं येशूनं सांगितलंय म्हणे. ते मला कुणी शिकवायला नको.

अविराची बायको अन्नम्मा लग्नात मला माहेराहून घेऊन आली. तिच्या हयातीत रोज चिंचेनं घासलेली मी इतकी लखलखायचे, की अविरा माझ्यात मिशी न्याहाळायचा. अन्नम्मा गेली, मग रबराच्या झाडांचा चीक काढणारा तो धिप्पाड माणूस तापानं खाटेला खिळला. ताप उतरला, पण दोन्ही कान गेले.

त्या घरात सांजेची प्रार्थना झाली की धाकट्यांनी थोरांपुढे हात जोडून म्हणायचं, "येशूची स्तुती असो." थोरांनी उत्तर द्यायचं, "आता आणि सदासर्वकाळ असो." अविराला ऐकू येईना, पण जोडलेले हात दिसायचे, ओठ हललेले दिसायचे. तेवढ्यावर तो उत्तर द्यायचा.

पुढं एका सकाळी त्याला माझ्यात थुंकल्याचा आवाज आला. दचकलाच! मग नखानं माझ्या काठावर टिचकी मारली, पुन्हा मारली. हसला बिचारा. लेकाला सांगायचं म्हणून त्यानं हाक मारली, "देवस्या, अरे देवस्या!"

देवस्या दारात आला. तोंडभर हसू. म्हणाला, "काय रे थेरड्या? मरत का नाहीस एकदाचा?"

अविराचं उघडलेलं तोंड तसंच राहिलं. मग त्यानं खुणेनं पाणी मागितलं. ऐकू येतंय हे त्यानं त्या दिवशीही सांगितलं नाही आणि नंतरही नाही.

देवस्याची जीभच तशी. शेजारच्या विधवेला चेटकीण म्हणायचा, चर्चची घंटा वाजवणाऱ्याला चोर. पण त्यांच्या पाठीमागं. बापाला मात्र तोंडावर! रोज सांजेला हात जोडून, मान लववून, गोड हसून म्हणायचा, "अप्पच्चा, तुझ्या जिभेला किडे पडोत."

आणि म्हातारा सावकाश म्हणायचा, "आता आणि सदासर्वकाळ असो."

देवस्याच्या दोन्ही पोरी तोंडावर ओढणी धरून खिदळायच्या. सून रोसा कळवळायची, "अहो, पोरींसमोर तरी नको!"

"त्याला काय कळतंय? हात जोडले ना मी?"

माझं तोंड सदा उघडं, पण उपयोग काय? अरे मेल्या, तो ऐकतोय, असं मला ओरडून सांगायचं होतं. त्या उत्तरानंतर म्हातारा माझ्यात थुंकायचा. मला भीती वाटायची. तो माफ करतोय की साठवतोय, हे काही समजत नव्हतं.

शेवटी एका दुपारी म्हाताऱ्याला घरघर लागली. चर्चचे पाद्री, अच्चन, आले, अखेरचं पवित्र तेल लावून झालं. त्यांच्या कानावर गावानं बरंच घातलं असावं. ते देवस्याला म्हणाले, "आईबापाला वाईट बोललेलं तोंड घेऊन देवापुढं उभं राहता येत नाही बाबा. बाप शुद्धीवर आहे तोवर माफी माग."

"मागितली असती हो अच्चन, पण या बहिऱ्याला ऐकू कुठं जाणार?"

जाणाऱ्याच्या कानात पवित्र नावं सांगायचा मान थोरल्या लेकाचा. देवस्या वाकला आणि कानाशी केकाटला, "येशू! मरियम! योसेफ!"

अविरानं डोळे उघडले.

"ओरडू नकोस, देवस्या. मला ऐकू येतं. तुझ्या त्या 'थेरड्या'पासून सगळं ऐकलंय मी."

पाण्याचा चमचा खणकन माझ्यावर पडला. देवस्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला. तो गुडघ्यांवर आला, हात जोडले. "अप्पच्चा, चुकलो... येशूची स्तुती असो!"

सगळे म्हाताऱ्याच्या ओठांकडे बघत राहिले. उत्तर आलं नाही. प्राण आधीच गेला होता, की त्यानं मुद्दाम दिलं नाही, हे खाटेखालून मला कळलं नाही. देवस्या मात्र तिन्हीसांजेपर्यंत "असो म्हण, अप्पच्चा, एकदा असो म्हण" करत होता.

आता त्या खाटेवर देवस्या असतो आणि खाली मीच. काळवंडले आहे, घासायला कुणी नाही. त्याचेही कान गेलेत, खरोखरचे. सांजेला पोरी येतात, हात जोडतात, हसून म्हणतात, "येशूची स्तुती असो." मी शपथेवर सांगते, त्या स्तुतीच म्हणतात. आजोबांच्या मरणानंतर त्या घरात कुणी वावगं बोललेलं नाही.

पण तो त्यांच्या ओठांकडे डोळे फाडून बघत राहतो. "काय म्हणालीस? पुन्हा म्हण. काय म्हणालीस?" त्या पुन्हा म्हणतात. तो भिंतीकडं तोंड फिरवतो आणि उत्तर देत नाही.

तुमचं थुंकलेलं मी झेलते आणि ते धुऊन निघतं. बोललेलं झेलायला मला ठेवू नका, बाबांनो. ते माझ्यात मावत नाही.